पर्यावरण कायदा + मानवाधिकार: यात प्राध्यापकी आणि संशोधन करावं का?

तळटीप

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय आणि पुढे पीएचडी करून शिकवायचं हे जवळपास ठरलंय, पण विषयाचं घोडं अडलंय. मला पर्यावरण कायदा आणि मानवाधिकार या दोन्हीच्या सांध्यावर काम करायचंय. ज्यांना ज्यांना विचारलं त्यातले पर्यावरण कायदावाले म्हणतात की खरा कायदा म्हणजे परवाने, मानकं, दंड, मानवाधिकार आणलेस की सगळं भाषणबाजीवर जातं. मानवाधिकारवाले म्हणतात की पर्यावरण हा तांत्रिक विषय आहे, त्यात माणूस हरवतो. मला तर हे वेगळं दिसतच नाही, एखाद्या वस्तीशेजारी प्रकल्प येतो आणि तिथली हवा श्वास घेण्यालायक राहत नाही तेव्हा मानक मोडलेलं असतं आणि माणसाचा हक्कही मोडलेला असतो, एकाच वेळी.

तर विचारायचं असं की यात करिअर उभं राहतं का, की मी दोन्ही विभागांना परकीच वाटणार? रोजचं काम काय असतं? आणि संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा? जे या क्षेत्रात आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहा प्लीज.

नदीखोरं

छान धागा. मी हाच विषय शिकवतो, बरीच वर्षं झाली, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी ते इकडचं ना तिकडचं मनातून काढून टाका. १९७२ च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याचं पहिलंच तत्त्व काढून वाचा, स्वातंत्र्य, समता आणि सन्मानाने जगता येईल अशा दर्जाचं पर्यावरण, हे सगळं एकाच वाक्यात आहे. पोर्तुगालने १९७६ च्या राज्यघटनेत पर्यावरणाचा हक्क घातला. त्यानंतर न्यायालयांनी जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांच्या हातात बहुतेक वेळा पर्यावरणाचा हक्क असा लिहिलेला नव्हताच. स्पेनचा लोपेझ ओस्त्रा खटला घ्या, निकाल १९९४ चा. चामड्याच्या कारखान्यांचा कचरा शुद्ध करणारा प्रकल्प बाईंच्या घरापासून १२ मीटरवर, वास, धूर, मुलगी आजारी. युरोपीय मानवाधिकार करारात पर्यावरण हा शब्दसुद्धा नाही, तरी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने कलम ८, म्हणजे घर आणि खाजगी आयुष्याचा आदर, त्यातून वाट काढली. भारतात सुभाष कुमार खटल्यात १९९१ साली राज्यघटनेच्या कलम २१ मधून, म्हणजे जगण्याच्या हक्कातून, प्रदूषणमुक्त पाणी आणि हवेचा हक्क आला. फिलिपीन्समध्ये १९९३ साली ओपोसा खटल्यात मुलांना पुढच्या पिढ्यांच्या वतीने दाद मागू दिली. मग कुठे २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने आणि जुलै २०२२ मध्ये आमसभेने स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरणाचा हक्क मान्य केला. आमसभेत १६१ बाजूने, ८ तटस्थ, विरोधात एकही नाही.

आता यात प्राध्यापकाचं काम कुठे येतं? या विषयावरचं संयुक्त राष्ट्रांचं विशेष पद २०१२ मध्ये तयार झालं, त्यावर आधी जॉन नॉक्स आणि मग डेव्हिड बॉयड, दोघेही विद्यापीठात शिकवणारे. या पदाला संयुक्त राष्ट्रांकडून पगार मिळत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणजे विद्यापीठाची नोकरी पाठीशी असते म्हणून माणूस हे करू शकतो. नॉक्स यांनी सुरुवातीची वर्षं काय केलं तर जगभरचे निकाल, करार, समित्यांची मतं गोळा करून आधीच काय काय मान्य झालंय याचा नकाशा मांडला. कंटाळवाणं वाटेल असं काम, पण हक्कच नाही म्हणणाऱ्यांना त्याने उत्तर मिळालं.

आणि प्रश्न निवडण्याबद्दल माझं एकच ठाम मत आहे. निकाल लागला त्या दिवशी थांबू नका, निकालानंतर काय झालं ते शोधा. आपल्या क्षेत्रातले निम्म्याहून जास्त लेख ऐतिहासिक निकालावर असतात आणि तिथेच संपतात असं मला सतत दिसतं. निकाराग्वात आवास तिंग्नी या आदिवासी समाजाच्या जमिनीचा निकाल २००१ चा, जमिनीचं पट्टापत्र हातात आलं २००८ च्या शेवटी. मधल्या सात वर्षांत जंगलतोड कोण करत होतं, सीमा कोण आखत होतं, कुठल्या खात्याने फाईल अडवली, हे कायद्याचेच प्रश्न आहेत. इक्वेडोरमध्ये सारायाकू या आदिवासी समाजाचा निकाल २०१२ चा, तेलशोधासाठी त्यांच्या जंगलात पुरलेली स्फोटकं काढा असा आदेश होता आणि ते काम वर्षानुवर्षं रखडलं. ब्युनोस आयर्सच्या प्रदूषित रियाचुएलो नदीच्या सफाईबद्दल २००८ मध्ये अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि मग दीड दशक स्वतः देखरेख केली. तिथे काठावरची किती कुटुंबं हलवली, कुठे हलवली, नव्या घरांपासून कामधंदा किती लांब, हे खोदून काढलंत तर तुमच्या प्रबंधाची दखल न्यायाधीशसुद्धा घेतील.

उलटतपासणी

नदीखोरं यांच्याशी बराचसा सहमत पण एका जागी नाही. मी वकिलीतून अध्यापनात आलो त्यामुळे असेल, पण निकालानंतरचं शोधायच्या आधी निकाल नीट वाचणारेच कमी आहेत हे मला जास्त खटकतं. हवामानबदलाबाबत स्वित्झर्लंडविरुद्ध तिथल्या ज्येष्ठ महिलांच्या क्लिमासेनियोरिनेन संघटनेने लढलेल्या खटल्याचा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा निकाल, ९ एप्रिल २०२४, जो तो उद्धृत करतो. विचारा त्यातल्यांना, चार महिलांच्या वैयक्तिक तक्रारींचं काय झालं? त्या ग्राह्य धरल्याच नाहीत! संघटनेला दाद मागता येते असं ठरलं, कलम ८ चा भंग १६ विरुद्ध १ मतांनी, कलम ६ चा, म्हणजे न्यायालयात दाद मागण्याच्या हक्काचा, भंग एकमताने. म्हणजे व्यक्तीसाठी दार जवळपास बंद आणि संघटनेसाठी उघडं. मानवाधिकार कायदा मुळात व्यक्तीभोवती बांधलेला, त्यात हे केवढं मोठं वळण आहे. ज्या एका न्यायाधीशाने विरोध केला त्याचं मतही वाचा, तुम्हाला पटणार नाही कदाचित, पण तुमच्या लेखाचा सगळ्यात कठोर वाचक तसाच असणार आहे.

त्याच दिवशी पोर्तुगीज तरुणांचा खटलाही फेटाळला गेला, ३० हून जास्त देशांविरुद्ध होता तो. एका देशाच्या उत्सर्जनाने दुसऱ्या देशातल्या माणसाचा हक्क मोडतो का, तर स्ट्रासबुर्गने, म्हणजे तिथे बसणाऱ्या याच युरोपीय न्यायालयाने, अधिकारक्षेत्र त्या पद्धतीने वाढवायला नकार दिला. आणि आंतर-अमेरिकी न्यायालयाने, म्हणजे अमेरिका खंडांतल्या देशांसाठीच्या मानवाधिकार न्यायालयाने, २०१७ च्या सल्लागारी मतात सीमेपलीकडच्या हानीबद्दल बरोबर उलटा रस्ता धरलाय, हानीच्या उगमावर ज्याचं नियंत्रण त्याची जबाबदारी. दोन प्रादेशिक न्यायालयं, एकच प्रश्न, दोन उत्तरं. तळटीप ताई, यात आख्खा प्रबंध आहे आणि तो पूर्ण सिद्धांताचा आहे, प्रत्यक्ष जागेवर पाय न ठेवता होणारा. सगळ्यांनीच फील्डवर्क करायला हवं असं नाही.

सूक्ष्मकण

मी कायद्यातली नाही, प्रदूषण मोजणारी आहे, पण कायद्याच्या लोकांबरोबर काम केलंय म्हणून लिहिते. विज्ञानाचा अहवाल वाचायला शिका. मोजमाप स्वतः करायची गरज नाही, पण नमुना कुठे घेतला, किती वेळा घेतला, त्या भागात मुळातच प्रमाण किती होतं, अनिश्चितता किती सांगितलीय एवढं तरी तुमचं तुम्हाला कळलं पाहिजे. नाहीतर समोरचा तज्ज्ञ एक आलेख दाखवतो आणि वकील, न्यायाधीश, प्राध्यापक सगळेच मान डोलावतात.

पेरूचे शेतकरी साऊल लुसियानो ल्युया यांनी जर्मन वीज कंपनी आरडब्ल्यूईवर २०१५ मध्ये दावा लावला. वितळत्या हिमनदीमुळे फुगलेल्या तलावाचा पूर त्यांच्या घरावर येऊ शकतो, तर कंपनीच्या जागतिक उत्सर्जनाच्या वाट्याइतका, ०.४७ टक्के, खर्च तिने द्यावा. मे २०२५ मध्ये हाम इथल्या न्यायालयाने दावा फेटाळला, पण का फेटाळला ते बघा. मोठ्या उत्सर्जकाला अशी जबाबदारी लागू होऊ शकते हे तत्त्व मान्य झालं, दावा पडला तो या घराला पुराचा धोका पुरेसा मोठा नाही या पुराव्यावर. म्हणजे कायद्याचा प्रश्न बऱ्यापैकी जिंकला आणि जलविज्ञानाच्या प्रश्नावर हरले. जो प्राध्यापक फक्त तत्त्वाचा भाग शिकवेल तो विद्यार्थ्यांना अर्धीच गोष्ट सांगेल.

तळटीप

बापरे, एवढे सविस्तर प्रतिसाद, खूप खूप आभार सगळ्यांचे! दोन गोष्टी अजून विचारते. एक म्हणजे या विषयात लिहिलं की कार्यकर्ती असा शिक्का बसतो, त्याचा नोकरीत त्रास होतो का? आणि फील्डवर्क केलं तर ज्यांच्याशी बोलायचं त्यांना माझ्यामुळे अडचण झाली तर? हे मला खरंच भेडसावतंय.

पानगळ

दुसऱ्या प्रश्नावर मी लिहू शकते, सध्या पीएचडीच्या मधल्या टप्प्यात आहे आणि माझं बरंचसं काम मुलाखतींवर आहे.

भीती रास्त आहे आणि ती राहू द्या, जाऊ देऊ नका. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या नोंदींप्रमाणे एकट्या २०२३ मध्ये जमीन आणि पर्यावरणासाठी उभे राहिलेल्या १९६ जणांचे खून झाले, आणि हे फक्त नोंद झालेले. अशा वेळी तुम्ही घेतलेली मुलाखत, त्यातलं गावाचं नाव, फोटोतली मागची टेकडी, यातून कोणीही माणसापर्यंत पोचू शकतं. विद्यापीठाच्या नीतिसमितीचा फॉर्म भरला की झालं असं बरेच जण धरतात, पण तो फॉर्म मुख्यतः संस्थेला सांभाळतो. मी संमती एकदाच घेत नाही, मजकूर छापायच्या आधी पुन्हा जाते, वाचून दाखवते, आणि एखाद्याने हे काढ म्हटलं तर काढते, मग तो परिच्छेद प्रबंधातला सगळ्यात चांगला का असेना. रेकॉर्डिंग कुठे ठेवायचं, किती दिवस ठेवायचं, कधी पुसायचं हे आधी ठरवून ठेवा. आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत परत द्या, पैसे भरून उघडणाऱ्या जर्नलमधला लेख त्यांच्या काय कामाचा?

यावर कायदाही घडतोय हे लक्षात असू द्या. माहिती, सहभाग आणि न्याय पर्यावरणाबाबतचे हे तीन हक्क युरोपातल्या आर्हुस करारात १९९८ मध्ये आले. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठी २०१८ मध्ये एस्काझू करार झाला, २०२१ मध्ये लागू झाला, त्याच्या कलम ९ मध्ये पर्यावरण रक्षकांना सुरक्षित वातावरण देणं ही राज्याची जबाबदारी म्हणून लिहिलीय. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत सगळ्यात जास्त काम इथे आहे, कारण कलम लिहिणं एक आणि धमकीचा फोन आल्यावर पोलीस ठाण्यात काय होतं ते दुसरं.

एक त्रास सांगून ठेवते. हे संशोधन सावकाश चालतं. माहिती मागा, नकार येतो, अपील करा, महिने जातात. शिष्यवृत्ती मात्र ठरलेल्या तारखेला संपते. एका ठिकाणी मुलाखतीत मला विचारलं गेलं की तुमचा विषय नेमका कुठल्या विभागात बसतो ते आधी ठरवून या. त्यामुळे अर्ज करताना एक तरी मुख्य विषय, घटनात्मक कायदा किंवा आंतरराष्ट्रीय कायदा किंवा प्रशासकीय कायदा, पक्का शिकवता येतो हे दिसायला हवं. बऱ्याच विभागांना पहिल्या वर्षाचे वर्ग घेणारं माणूस आधी हवं असतं, तुमचा संशोधनाचा विषय नंतर.

नदीखोरं

पानगळ यांचा प्रतिसाद प्रत्येक मार्गदर्शकाने आपल्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा असा आहे.

शिक्क्याबद्दल. हो, बसतो. पण तटस्थ म्हणजे बाजू नसलेला असं मी मानत नाही, तटस्थ म्हणजे आपल्या बाजूच्या विरोधातला पुरावासुद्धा पूर्ण मांडणारा. क्रिस्टोफर स्टोन यांनी १९७२ मध्ये झाडांना न्यायालयात उभं राहण्याचा अधिकार असावा का यावर लेख लिहिला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती डग्लस यांनी सिएरा क्लब या पर्यावरण संघटनेच्या खटल्यातल्या भिन्नमतात त्याचा आधार घेतला. तो लेख टिकला कारण त्यात पालक कोण नेमायचा, हानी कशी मोजायची, भरपाई कुठे जायची, ही अडचणीची बाजू त्यांनी स्वतःच सोडवायला घेतली होती. आता कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने २०१६ मध्ये अत्रातो नदीला हक्क दिले, तर त्या विषयावर लिहिताना नदीतलं पाऱ्याचं प्रदूषण आणि बेकायदा खाणी थांबल्या का, हे विचारावंच लागेल. उत्तर आपल्याला आवडेल असं नसलं तरी छापायचं. असं काम करणाऱ्याला कार्यकर्ता म्हणून झटकून टाकणं अवघड जातं.

पैसा कुठून येतो ते मात्र उघड सांगा. उद्योगाचा असो, संघटनेचा असो, सरकारचा असो. ज्या खटल्यात सल्ला दिला त्यावर लेख लिहिताना पहिल्याच पानावर तसं नमूद करा. यात ढिलाई झाली की तुमचं तर जातंच, पण ज्या लोकांसाठी लिहिलं त्यांचंही नुकसान होतं, समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

शेवटचा_बाक

सगळे संशोधनावर बोलताहेत, शिकवण्यावर कोणीच नाही म्हणून मधे पडतोय. मला या विषयात अध्यापन हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते!

२०१९ मध्ये साऊथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानबदलाबाबत राज्यांची कर्तव्यं काय हा प्रश्न जगातल्या सर्वोच्च न्यायालयापुढे न्यायचा. वर्गात सुरू झालेली गोष्ट. त्यांनी सरकारांना पत्रं लिहिली, वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटदेशाने उचलून धरलं, मार्च २०२३ मध्ये आमसभेने मतदान न घेता सर्वसंमतीने ठराव केला, आणि २३ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सल्लागारी मत आलं, एकमताने. स्वच्छ, निरोगी पर्यावरण इतर मानवाधिकार उपभोगण्यासाठी आवश्यक आहे असं त्यात स्पष्ट म्हटलंय. हे सगळं अजून पदवी घेत असलेल्या मुलामुलींनी सुरू केलं. तुम्ही शिक्षिका होणार असाल तर तुमच्या वर्गात पण अशी मुलं बसलेली असतील, त्यांना आधी परीक्षेचं बघा म्हणायचं की चला मसुदा करू म्हणायचं एवढंच तुमच्या हातात असतं, आणि ते खूप आहे.

व्यवहारातलं सांगतो, कायदेविषयक सहाय्य केंद्र चालवा वर्गाबरोबर. विद्यार्थ्यांना खरी फाईल द्या, खरा परवाना, त्यातल्या अटी, आणि त्या अटी पाळल्या गेल्याचे अहवाल आहेत का ते शोधायला लावा. व्याख्यानात झोपणारी मुलं यात जागी होतात. पण एक अट पाळा, सत्र संपलं म्हणून लोकांची केस सोडायची नाही, पुढच्या तुकडीकडे नीट नोंदी करून सोपवायची.

तळटीप

आता जरा धीर आलाय. सगळं वाचून काल रात्री एक प्रश्न लिहून काढला, मोडतोड करा बिनधास्त. पेरूच्या ला ओरोया शहरातल्या धातुशुद्धी कारखान्याचा खटला, आंतर-अमेरिकी न्यायालयाचा निकाल २०२३ चा, जाहीर झाला मार्च २०२४ मध्ये. त्यात न्यायालयाने पीडितांना मोफत वैद्यकीय उपचार देण्याचा आदेश दिलाय. मला असं बघायचंय की प्रदूषणाच्या खटल्यात न्यायालय आरोग्यसेवेचा आदेश देतं तेव्हा तो प्रत्यक्षात कसा राबवला जातो.

उलटतपासणी

प्रश्न चांगला आहे, धरून ठेवा. पण तुलना हवी, एका निकालावर प्रबंध उभा राहणार नाही. रशियाचा फादेयेवा खटला घ्या, २००५, चेरेपोव्हेत्सचा पोलाद कारखाना, बाई कारखान्याभोवतीच्या, जिथे घरं असायलाच नकोत अशा, सुरक्षा पट्ट्याच्या आत राहत होत्या. तिथे स्ट्रासबुर्गने भंग मान्य केला, नुकसानभरपाई दिली, पण त्यांना दुसरीकडे हलवणं हा अनेक उपायांपैकी एक असू शकतो असं म्हणून बाकीचं राज्यावर सोपवलं. ला ओरोयात न्यायालय उपचारांपर्यंत जातं. एक न्यायालय एवढं तपशिलात का शिरतं आणि दुसरं का नाही, आणि तपशिलात शिरल्याने पीडिताच्या हाती जास्त काही पडतं का, हा तुमचा प्रश्न. दुसरा अर्धा नदीखोरं यांच्या बाजूचा झाला, मान्य करतो.

नदीखोरं

आंतर-अमेरिकी न्यायालय स्वतःच्या निकालांच्या अंमलबजावणीवर वेगळे आदेश काढतं, ते सगळे उपलब्ध असतात, आधी ते वाचायला घ्या. युरोपात हे काम सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती करते, सरकारने सादर केलेला कृती आराखडा आणि संघटनांची त्यावरची निवेदनं शेजारी शेजारी ठेवून वाचा, दोन्हीत जिथे फरक दिसेल तिथे तुमचं प्रकरण आहे. आणि स्पॅनिश शिकायला आजच सुरुवात करा. बऱ्याच फाईली इंग्रजीत येतच नाहीत, आणि पीडितांशी दुभाष्यामार्फत आजारपणाबद्दल बोलणं फार अवघड जातं.

सूक्ष्मकण

ला ओरोया म्हणजे शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, सल्फर डायऑक्साइड, सगळंच आलं. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो आणि तो नंतर पूर्ण भरून निघत नाही, त्यामुळे मोफत उपचार याचा अर्थ नेमका काय घ्यायचा हा पहिला प्रश्न. रक्ताची एकदा तपासणी, की दीर्घकाळ देखरेख, शाळेतली मदत, मूत्रपिंडाच्या तपासण्या? निकालातला तो भाग काढून ठेवा आणि वैद्यकीय शब्दांवर खुणा करा, मी त्याच्या शेजारी आमच्या बाजूने काय मोजता येतं ते लिहून देते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.